उपसर्ग आणि अर्थांतर : वत्सगुल्म ते ‘विरचना’

१

विदर्भ या नावाची सुरुवातच एका उपसर्गाने होते. ज्या भूमीतून दर्भ नाहीसे झाले ती भूमी विदर्भ, अशी या नावाची व्युत्पत्ती परंपरेने दिली आहे. ती ऐतिहासिक दृष्ट्या कितपत ग्राह्य मानावी हा प्रश्न वेगळा. परंतु नावातील ‘वि’ अभाववाचक आहे असे गृहीत धरूनच ती रचली गेली, हे उघड आहे. हाच ‘वि’ ‘वियोग’ आणि ‘विभाग’ या शब्दांत वेगळे होणे सुचवतो, ‘विख्यात’मध्ये आधिक्य सुचवतो, तर ‘विजय’मध्ये ‘जय’ या अर्थालाच बळ देतो. त्याच धातूला ‘परा’ जोडला की ‘पराजय’ होतो आणि अर्थ थेट उलटतो. उपसर्ग लहान असतो. पण शब्द कोणत्या दिशेला जाणार हे पुष्कळदा तोच ठरवतो.

आजच्या वाशीम शहराचे प्राचीन नाव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती आणि सर्वसेन हा त्या शाखेचा मूळ पुरुष. त्याने प्राकृतात रचलेले ‘हरिविजय’ हे काव्य आज उपलब्ध नाही. मात्र आनंदवर्धनाने त्याचा उल्लेख केला आहे. पुढे दहाव्या शतकाच्या आरंभी राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्मात झाल्याचे वर्णन केले, आणि ‘कर्पूरमंजरी’त वैदर्भी रीतीला ‘वच्छोमी’ असे म्हटले. ‘वच्छोमी’ हे वत्सगुल्माच्या प्राकृत रूपावरून आलेले नाव होय. म्हणजे भारतीय साहित्यशास्त्रातील एका कळीच्या संज्ञेला वाशीमचे नाव मिळालेले आहे.

या रीतीचे एक लक्षण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. रुद्रटाने समासरहित वृत्तीची रीती एकच, ती वैदर्भी, असे म्हटले. आणि त्याच संदर्भात क्रियापदे कधी कधी अर्थासाठी उपसर्गांशी जोडली जातात, अशीही नोंद केली. समासाचा सोस नको, परंतु अर्थाची गरज असेल तेथे उपसर्ग चालेल, असा या विधानाचा आशय घेता येतो. एकोणिसाव्या शतकापासून मराठीने इंग्रजी पूर्वपदांना जे पर्याय घडवले, त्यांचा इतिहास या निकषावर तपासण्यासारखा आहे.

२

उपसर्गाला स्वतःचा अर्थ असतो काय, हा वाद यास्काइतका जुना आहे. ‘निरुक्ता’त दोन मते नोंदली आहेत. शाकटायनाच्या मते सुटा उपसर्ग अर्थ सांगत नाही. तो नामाचा वा आख्याताचा अर्थ प्रकट करण्यास साहाय्य करतो. गार्ग्याच्या मते उपसर्गांना स्वतःचे विविध अर्थ असतात. पुढील वैयाकरणांनी हाच वाद ‘द्योतक’ आणि ‘वाचक’ या संज्ञांनी चालवला. ‘हृ’ धातूपासून होणारे प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार हे शब्द व्याकरणाच्या विद्यार्थ्याला पाठ असतात. या पाचांतून धातूचा समान अर्थ वेगळा काढू गेल्यास हाती फारसे काही लागत नाही, आणि उपसर्गांचे अर्थ वेगळे काढू गेल्यासही तोच अनुभव येतो.

इंग्रजीतील स्थिती याहून फार निराळी नाही. लॅटिनमधील ‘वर्तेरे’ हा धातू संस्कृत ‘वृत्’चा सगोत्र आहे. त्यापासून इंग्रजीत कन्व्हर्ट, रिव्हर्ट, इन्व्हर्ट, परव्हर्ट, सबव्हर्ट असे शब्द आले. संस्कृतातून मराठीत प्रवृत्त, निवृत्त, परावृत्त, आवृत्ती, परिवर्तन आले. दोन्हीकडे ‘वळणे’ ही एकच क्रिया आहे. कोठून, कोठे, कोणत्या रीतीने वळायचे ते पूर्वपद सांगते. इंग्रजीतील ‘अन-’ तर एक नसून दोन आहेत. ‘अनहॅपी’मधील ‘अन-’ संस्कृत नकारवाचक ‘अन्’चा सगोत्र आहे, तर ‘अनडू’मधील ‘अन-’ निराळ्या मूळचा असून केलेली क्रिया उलटवणे हा त्याचा अर्थ आहे. रूप एक झाले म्हणून अर्थ एक झाला नाही.

पूर्वपदाचा भास झाला तरी अर्थ बदलू शकतो. ‘इनफ्लेमेबल’ या शब्दातील ‘इन-’ नकाराचा नाही. ज्वाळा धरणारा असा त्या शब्दाचा अर्थ आहे. पण सामान्य वाचक तेथे नकार वाचून तो पदार्थ पेटत नाही असे समजेल, या भीतीने धोक्याच्या सूचनांवर ‘फ्लॅमेबल’ हा शब्द रूढ करण्यात आला. संस्कृतातील ‘विधवा’ हे याहून बोलके उदाहरण आहे. तौलनिक भाषाशास्त्रानुसार या शब्दाचे लॅटिन ‘विदुआ’शी मूळचे नाते आहे आणि त्यातील ‘वि’ हा उपसर्ग नाही. परंतु परंपरेने शब्दाची फोड ‘वि’ आणि ‘धव’ अशी केली, आणि त्या फोडीतून ‘धव’ म्हणजे पती हा शब्द निर्माण झाला. त्यावरून ‘सधवा’ही आली. ‘असुर’ शब्दाच्या आरंभी ‘अ’ पाहून ‘सुर’ घडवला गेला, तोही याच प्रकारचा. चुकीच्या फोडीतून जन्मलेले हे शब्द पुढे भाषेत पूर्ण अधिकाराने वावरले.

३

वऱ्हाडच्या भाषेत पूर्वपदांचे थर एकावर एक साचलेले दिसतात. वाशीम येथे सापडलेला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट वत्सगुल्माहून दिलेला आहे. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात, तर दानाचा व्यवहार सांगणारा भाग प्राकृतात आहे. संस्कृतात उपसर्ग सुटा ओळखता येतो. प्राकृतातून मराठीपर्यंत येताना तो धातूत विरघळून जातो. उठणे, बसणे, विकणे, विसरणे, पसरणे, आणणे, ओळखणे, पाठवणे या रोजच्या क्रियापदांत अनुक्रमे उत्, उप, वि, वि, प्र, आ, उप, प्र हे उपसर्ग दडलेले आहेत. पण बोलणाऱ्याला त्यांची जाणीव नसते. वत्सगुल्माचे ‘वाशीम’ होताना शब्दाचे घटक जसे झिजून एकजीव झाले, तसेच येथेही झाले.

त्यावर फारसीचा थर आला. बे, गैर, ना, बद, दर, सर ही पूर्वपदे मराठीने इतकी आत्मसात केली की ती देशी शब्दांनाही बिनदिक्कत जोडली. ‘सरपंच’मध्ये फारसी ‘सर’ आणि भारतीय ‘पंच’ एकत्र आले. ‘गैर’ या मूळ अरबी शब्दाचा अर्थ ‘निराळा, व्यतिरिक्त’ असा. ‘गैरहजर’मध्ये तो केवळ नकार दाखवतो, परंतु ‘गैरसमज’, ‘गैरवर्तन’, ‘गैरव्यवहार’ या शब्दांत त्याला ‘अयोग्य’ हा अर्थ चिकटला. मराठीत ‘गैर’ हे विशेषण म्हणून स्वतंत्रही झाले, आणि तेव्हा त्याचा अर्थ केवळ ‘चूक’ एवढाच राहिला. परक्या भाषेतून आलेले पूर्वपद नव्या भाषेत स्वतःचा नैतिक भार धारण करते, याचा हा पुरावा आहे.

१८५३ च्या करारान्वये निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात दिल्यावर इंग्रजी अधिकारनामे आली. वऱ्हाडात जिल्ह्याचा प्रमुख अधिकारी ‘डेप्युटी कमिशनर’ असे. जिल्ह्यात सर्वश्रेष्ठ असूनही त्याच्या नावातील पूर्वपद त्याचे दुय्यमत्व सांगे, कारण त्याचा संबंध वरच्या कमिशनरशी होता. बाशीम जिल्ह्याचा बहुतांश भाग १९०५ मध्ये अकोला जिल्ह्यात विलीन झाला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. मधल्या काळात, १९६० नंतर, महाराष्ट्र शासनाच्या भाषा संचालनालयाने पदनामांचे मराठीकरण केले. डेप्युटीला ‘उप’, जॉइंटला ‘सह’, अंडरला ‘अवर’, अ‍ॅडिशनलला ‘अपर’ असे पर्याय ठरले. ‘उपजिल्हाधिकारी’ या शब्दातील ‘उप’ अधिकाऱ्याला कमी करतो. ‘उपविभागीय अधिकारी’ या शब्दातील ‘उप’ विभागाला लहान करतो, आणि तो अधिकारी मात्र त्या उपविभागाचा प्रमुख असतो. या दुसऱ्या पदावर बहुधा पहिल्या श्रेणीचीच व्यक्ती असते. उपसर्ग एकच, व्यक्तीही एकच. पण तो कशाला लागला यावर तिचे स्थान बदलते. मूळच्या ‘उप’मध्ये सान्निध्याचा अर्थ होता, उपासना, उपनयन, उपनिषद या शब्दांत तो अद्याप आहे. प्रशासनाच्या श्रेणीबद्ध रचनेत जवळीक मागे पडली आणि दुय्यमत्व तेवढे उरले.

काही ठिकाणी भाषांतर चपखल बसले. इम्पोर्ट आणि एक्स्पोर्ट यांना ‘आयात’ आणि ‘निर्यात’ हे पर्याय मिळाले. आत येणे आणि बाहेर जाणे या दोन्ही दिशा ‘आ’ आणि ‘निर्’ यांनी अचूक धरल्या. याउलट रिपोर्ट, रिटायर, रिझर्व या शब्दांतील ‘री-’ मराठी बोलणाऱ्याला दिसलाच नाही. ते शब्द अखंड दगडासारखे भाषेत आले, जसे ‘विकणे’ आणि ‘उठणे’ आले होते.

४

नकाराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. इंग्रजी ‘नॉन-’ हे बरेचसे निर्विकार पूर्वपद आहे. ते एखाद्या वर्गाबाहेर असणे एवढेच सांगते. मराठीत त्याच्या जागी ‘अ’ घातला की सहा अर्थांची शक्यता उभी राहते. संस्कृत वैयाकरणांनी नञाचे सहा अर्थ सांगितले आहेत : सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. ‘अधर्म’ म्हणजे धर्माव्यतिरिक्त काहीतरी नव्हे. तो धर्माचा विरोध असतो. ‘असहकार’ हा शब्द या दृष्टीने यशस्वी ठरला, कारण १९२० च्या आंदोलनात सहकाराच्या अभावाइतकाच विरोधही अभिप्रेत होता. मूळ इंग्रजी शब्दात जो अर्थ पूर्वपदात नव्हता, तो मराठीतील ‘अ’ने आपल्या बळावर पुरवला.

याउलट ‘नॉन-ब्राह्मिन’ या शब्दाला मराठीने ‘अब्राह्मण’ असा पर्याय रूढ केला नाही. ‘ब्राह्मणेतर’ हा शब्द प्रचारात आला. ‘अब्राह्मण’मध्ये अप्राशस्त्याचा, म्हणजे कमीपणाचा, अर्थ वाचला गेला असता, ‘गैर’ वापरावा तर त्यात अयोग्यतेची छटा होती. ‘इतर’ या पदात केवळ भिन्नता आहे आणि ते शेवटी येते. इंग्रजीतील पूर्वपद मराठीत उत्तरपद झाले, आणि त्या स्थानबदलामुळे एका राजकीय व सामाजिक चळवळीला आपले नाव हीनत्वाचा डाग न लागता धारण करता आले. ‘ललितेतर’ हा वाङ्मयप्रकारवाचक शब्दही याच वाटेने आला. येथे पूर्वपदाची निवड हा समाजाच्या आत्मप्रतिमेचा प्रश्न होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

व्यवहारात आजही हा प्रश्न जिवंत आहे. शेतीखेरीज अन्य उपयोगाच्या जमिनीला १९६६ च्या जमीन महसूल संहितेच्या मराठीत ‘अकृषिक’ म्हणतात, काही भागांत लोक ‘बिनशेती’ म्हणतात, आणि सर्वत्र ‘जमीन एन.ए. झाली’ असे बोलले जाते. आद्याक्षरांत पूर्वपद आणि शब्द दोन्ही वितळून गेले. इतर मागासवर्गीयांना लागणाऱ्या ‘नॉन-क्रीमीलेअर’ प्रमाणपत्राची स्थिती याहून चमत्कारिक आहे. त्या प्रमाणपत्राचे सारे मर्म ‘नॉन’मध्ये आहे, तरी तहसील कार्यालयाच्या आवारात पुष्कळदा नुसते ‘क्रीमीलेअर काढायचे आहे’ असे म्हटले जाते. उपसर्ग गळला, पण नकार गळला नाही. तो संदर्भाने सांभाळला. सुट्या उपसर्गाला अर्थ नसतो या शाकटायनाच्या मताची ही एक अनपेक्षित बाजू म्हणावी लागेल.

५

‘री-’ या पूर्वपदाचा मराठीतील प्रवास विचारांच्या इतिहासाशी निगडित आहे. १८५६ च्या कायद्यानंतर ‘पुनर्विवाह’ हा शब्द सार्वजनिक वादाच्या केंद्रस्थानी आला. अनेक जातींत विधवेच्या दुसऱ्या संबंधाला ‘पाट’ हा शब्द होता आणि त्याचा दर्जा लग्नापेक्षा खालचा मानला जाई. ‘पुनर्विवाहा’त ‘विवाह’ हा शब्द अबाधित राहिला. ‘पुनर्’ने केवळ क्रम सांगितला. सुधारकांचा आग्रह नेमका तोच होता. शब्दाच्या फोडीतून ‘विधवा’ या नावात पतीचा अभाव कोरला गेला होता. त्या अभावाला दुसऱ्या एका पूर्वपदाने उत्तर दिले गेले.

‘रेनेसान्स’ या शब्दाचे भाग्य निराळे. त्यासाठी ‘पुनरुज्जीवन’, ‘नवजागरण’ आणि ‘प्रबोधन’ असे पर्याय पुढे आले. तिन्ही शब्दांत मूळ ‘री-’च्या जागी भिन्न पूर्वपद आहे. ‘पुनर्’ भूतकाळाकडे पाहतो, ‘नव’ भविष्याकडे, आणि ‘प्र’ जागे होण्याच्या क्रियेला गती देतो. ‘पुनरुज्जीवनवाद’ ही संज्ञा जुन्या धर्मव्यवस्थेकडे परत जाऊ पाहणाऱ्या प्रवृत्तीसाठी रूढ झाली, तेव्हा सुधारणेच्या युगाला तोच शब्द वापरणे अडचणीचे झाले. १९२१ मध्ये प्रबोधनकार ठाकरे यांनी आपल्या नियतकालिकाला ‘प्रबोधन’ हे नाव दिले. पुढे मराठी विचारविश्वात एकोणिसाव्या शतकासाठी हाच शब्द स्थिरावला. ज्या इंग्रजी पूर्वपदात परतणे आणि नव्याने होणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत होते, त्याचे मराठीने दोन शब्दांत विभाजन केले. हे विभाजन वैचारिक दृष्ट्या आवश्यक होते, आणि म्हणून ते टिकले.

६

मराठी समीक्षेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य संज्ञांना जे पर्याय दिले, त्यांत मात्र हा विवेक सर्वत्र दिसत नाही. पूर्वपदांची जणू एक कोष्टकवजा यादी तयार झाली : ‘अँटी-’ म्हणजे ‘प्रति’, ‘डी-’ म्हणजे ‘वि’, ‘पोस्ट-’ म्हणजे ‘उत्तर’.

‘अँटी-हीरो’साठी ‘प्रतिनायक’ हा शब्द वापरला जातो. परंतु संस्कृत नाट्यशास्त्रात प्रतिनायक म्हणजे नायकाचा प्रतिस्पर्धी, जसा रामकथेत रावण. आधुनिक कादंबरीतील अँटी-हीरो हा कथेचा केंद्रबिंदूच असतो. नायकत्वाचे गुण तेवढे त्याच्या ठायी नसतात. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकरला ‘प्रतिनायक’ म्हटले, तर परंपरेचा जाणकार वाचक त्याचा नायक कोण, असे विचारील. ‘प्रति’ला विरोध, अनुकृती, प्रत्येकता, प्रत्युत्तर असे अनेक अर्थ आहेत, आणि ‘प्रतिनायक’ शब्दात त्यांपैकी एक अर्थ शतकानुशतके निश्चित झालेला आहे. ‘अनायक’ हा शब्द येथे अधिक नेमका ठरतो, कारण नञाचे सादृश्य आणि अभाव हे दोन्ही अर्थ त्याला उपयोगी पडतात.

‘डीकन्स्ट्रक्शन’साठी रूढ झालेला ‘विरचना’ हा शब्द अधिक लक्षणीय आहे. ‘वि’ म्हणजे अलग करणे, म्हणून रचना उलगडणे ती विरचना, असा विचार त्यामागे दिसतो. पण ‘वि’ आणि ‘रच्’ यांचा संयोग संस्कृतात आधीच अस्तित्वात होता आणि त्याचा अर्थ नेमका उलट होता. ग्रंथांच्या पुष्पिकांत अमुक कवी ‘विरचित’ असे येते, तेव्हा रचनाकर्ता तोच, असे सांगायचे असते. रचनेची उकल सांगणाऱ्या संज्ञेच्या पोटात रचनाच दडून राहिली. शब्दांचे अर्थ स्वतःच्याच विरोधाने पोखरलेले असतात असे मांडणाऱ्या विचारसरणीला हे नाव एका अर्थी शोभून दिसते. परंतु तो योगायोग होता, आणि संज्ञा योगायोगावर सोडता येत नाहीत.

‘पोस्ट-’चा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. मराठीत ‘उत्तर’ शब्दाच्या आधीही येतो आणि शेवटीही, आणि दोन्ही ठिकाणी अर्थ एक नसतो. उत्तररात्र ही रात्रच असते, उत्तरार्ध हा त्याच ग्रंथाचा वा शतकाचा भाग असतो. विदर्भाशी संबंध सांगणाऱ्या भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ हे रामाच्याच पुढच्या आयुष्याचे नाटक आहे. रामानंतरच्या काळाचे नव्हे. याउलट मरणोत्तर, युद्धोत्तर, स्वातंत्र्योत्तर, पदव्युत्तर या शब्दांत ‘उत्तर’ शेवटी येते आणि मूळ गोष्ट संपल्यानंतरचा काळ दाखवते. ‘लोकोत्तर’मध्ये तर ओलांडून जाण्याचाही अर्थ आहे. १९६० नंतरच्या पिढीला ‘साठोत्तरी’ म्हटले गेले ते याच नियमाने.

मग ‘उत्तर-आधुनिक’ म्हणजे काय? मराठीच्या प्रकृतीनुसार तो आधुनिकतेचाच उत्तरकाल ठरतो, आधुनिकतेनंतरचा काळ नव्हे. तो अर्थ हवा असल्यास ‘आधुनिकोत्तर’ म्हणावे लागेल. पाश्चात्त्य विचारवंतांतही पोस्टमॉडर्न ही आधुनिकतेची शेवटची अवस्था की तिच्यापासूनची फारकत, यावर दीर्घ वाद झाला आहे. इंग्रजी पूर्वपद त्या दोन्ही बाजूंना पोटात घेऊन गप्प राहते. मराठी तसे राहू शकत नाही. ‘वसाहतोत्तर’ आणि ‘उत्तर-वसाहतवाद’ हे शब्द सध्या पर्यायी म्हणून वापरले जातात. वास्तविक पहिला शब्द वसाहत संपल्यानंतरचा काळ सांगतो. दुसरा, वसाहतवाद निराळ्या रूपाने चालूच असल्याचे सुचवतो. यांतील कोणता शब्द वापरायचा हे ठरवताना समीक्षक १९४७ नंतरच्या मराठी साहित्याबद्दल एक ऐतिहासिक भूमिका घेत असतो, मग त्याला तिची जाणीव असो वा नसो.

७

या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट होते. मराठीने ज्या वेळी इंग्रजी पूर्वपदाचा अर्थ विचारात घेतला आणि त्यासाठी पूर्वपद, उत्तरपद वा संपूर्ण निराळा शब्द यांतून निवड केली, त्या वेळी ‘ब्राह्मणेतर’, ‘प्रबोधन’, ‘आयात’ आणि ‘निर्यात’ यांसारखे टिकाऊ शब्द मिळाले. ज्या वेळी तिने केवळ पूर्वपदाच्या जागी पूर्वपद बसवले, त्या वेळी शब्दाचा पूर्वेतिहास मागील दाराने परत आला आणि संज्ञेचा अर्थ अन्यत्र घेऊन गेला. उपसर्गाचे अर्थ कोष्टकात मावत नाहीत, कारण ते त्या त्या शब्दाच्या वापरात घडलेले असतात. शाकटायनाचे म्हणणे निदान एवढ्यापुरते मान्य करावे लागते.

यावरून परकीय संज्ञा नाकाराव्यात असे निष्पन्न होत नाही. ‘उत्तर’चे दोन स्थानी दोन अर्थ असणे ही मराठीची उणीव नसून सोय आहे, इंग्रजीला ज्या भेदासाठी स्पष्टीकरण द्यावे लागते, तो भेद मराठी केवळ पदाचे स्थान बदलून दाखवू शकते. ‘आधुनिकोत्तर’ आणि ‘उत्तर-आधुनिक’ हे दोन्ही शब्द आपापल्या अर्थाने आणि जाणीवपूर्वक वापरले, तर समीक्षेचा लाभच आहे. वाशीमचे नाव धारण करणाऱ्या वच्छोमी रीतीविषयी रुद्रटाने उपसर्गासाठी जी अट घातली, ती एवढीच होती : अर्थासाठी. ती पाळली गेली, तर परिभाषेचा प्रश्न बराचसा सुटेल.